घरच्या मिग वेल्डिंगसाठी कोणता गॅस घ्यावा : सीओटू, मिक्स की आर्गॉन?

मिग मशीन, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवून लोखंड जोडणारं वेल्डिंग मशीन, घरी येतं तेव्हा सोबत गन असते, अर्थिंगची केबल असते, कधी वायरचं छोटं रीळही असतं. गॅस मात्र आपणच शोधायचा असतो, आणि नव्या माणसाची गाडी तिथेच अडते. एक फॅब्रिकेटर सांगतो, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घे, सगळे तेच वापरतात. व्हिडिओतला अमेरिकन माणूस ७५-२५ मिक्सशिवाय, म्हणजे ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के सीओटूशिवाय, बोलत नाही. दुकानदार विचारतो, आर्गॉन देऊ का, शुद्ध आहे. या गोंधळात मी एक अख्खा बाटला चुकीच्या गॅसवर घालवला आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या कामाला गॅस एकच ठरवावा, आणि तो दोन गोष्टींवरून ठरवावा : तुम्ही दहातली नऊ कामं कोणत्या धातूवर आणि किती जाडीवर करणार आहात, आणि रिकामा बाटला तुमच्या घराजवळ कुठे भरून मिळतो. उरलेल्या एका कामासाठी दुसरा गॅस घेऊन ठेवण्यापेक्षा ते काम बाहेर करून घेतलेलं स्वस्त पडतं.

पहिली पायरी : कामांची यादी करा

कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात काय काय जोडायचं आहे ते खरं खरं लिहा. फुलझाडांचा स्टँड, खिडकीचं ग्रिल, छोटं गेट, वर्कशॉपचं टेबल, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, मोटरसायकलचं कॅरियर. प्रत्येकासमोर धातू आणि जाडी लिहा. आपल्याकडची बहुतेक घरगुती यादी माइल्ड स्टीलची, म्हणजे साध्या लोखंडाचीच निघते : १६ किंवा १८ गेजचा चौकोनी पाइप, म्हणजे साधारण १.६ आणि १.२ मिलिमीटर, एक सूत किंवा दोन सूत जाडीची पट्टी आणि अँगल, म्हणजे ३ आणि ६ मिलिमीटर. कुणाच्या यादीत गाडीचा गंजलेला पत्रा असेल, तो जेमतेम मिलिमीटरभर जाड. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम यादीत येतात ते बहुधा 'कधीतरी करू' म्हणून. ती 'कधीतरी'ची कामं वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहा, गॅस ठरवताना ती मोजायची नाहीत.

यादी झाली की जवळच्या गॅसवाल्याला फोन करा. मशीन घेण्याआधी हा फोन केलात तर आणखी उत्तम. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांना सीओटू, आर्गॉन आणि तयार मिक्स तिन्ही मिळतात. तालुक्याच्या गावी सीओटू मिळतो, मिक्स मागवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. गॅस कितीही चांगला असला आणि तो भरायला ऐंशी किलोमीटर जावं लागणार असेल, तर मशीन महिनोन् महिने कोपऱ्यात पडून राहतं.

गॅस नेमकं करतो काय

वितळलेल्या लोखंडाला हवा सोसत नाही. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन वितळलेल्या धातूत शिरतात. धातू थिजताना वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि जोडात अनारशासारखी जाळी पडते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडवरचा लेप जळून धूर आणि मळी तयार होते, ती हे रक्षण करते. मिगच्या वायरवर लेप नसतो, म्हणून नोझलमधून, म्हणजे गनच्या तोंडातून, गॅस सोडून हवा बाजूला ढकलावी लागते.

पण गॅसचं काम एवढंच असतं तर सगळे गॅस सारखेच चालले असते. आर्क, म्हणजे वायरचं टोक आणि धातू यांच्यामधली विजेची ज्योत, त्या गॅसमधूनच पेटतो, त्यामुळे गॅस बदलला की आर्कचा स्वभाव बदलतो. आर्गॉन कशाशीही संयोग करत नाही आणि त्यात आर्क कमी व्होल्टेजवर शांत जळतो. सीओटू आर्कच्या उष्णतेत फुटतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन निघतात. सीओटूमधला आर्क वायरच्या टोकाला आवळून धरतो, वितळलेल्या वायरच्या थेंबाला खालून वर ढकलतो. तो थेंब वेडावाकडा सुटला की छर्रे उडतात. मात्र याच गुणामुळे उष्णता खोल आणि रुंद जाते, जोड आतपर्यंत भिडतो.

सुटलेल्या ऑक्सिजनचा बंदोबस्त वायर करते. ईआर ७० एस-६ या नेहमीच्या वायरमध्ये मँगनीज आणि सिलिकॉन मुद्दाम जास्त घातलेले असतात. ते ऑक्सिजनला धरतात आणि वर तरंगून येतात. बीडवर, म्हणजे जोडाच्या रेघेवर, तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात ते हेच. ते दोष नाहीत; रंग देण्याआधी तारेच्या ब्रशने काढले की झालं.

नावातला गोंधळही इथेच मिटवतो. मिगमधला 'आय' म्हणजे इनर्ट, निष्क्रिय. ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत अॅल्युमिनियमसाठी निघाली, तेव्हा निष्क्रिय वायूच वापरत. लोखंडासाठी तो महाग पडे; १९५३ च्या सुमारास सीओटू वापरून पाहिला गेला आणि मग ही पद्धत साध्या लोखंडावर पसरली. सीओटू निष्क्रिय नाही, म्हणून शास्त्रशुद्ध नाव मॅग, त्यातला 'ए' म्हणजे अॅक्टिव्ह, सक्रिय. आपल्या कारखान्यांत मात्र सरळ 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात, आणि दुकानात तोच शब्द चटकन कळतो.

दुसरी पायरी : गॅस निवडा

यादीत मुख्यतः दोन मिलिमीटर आणि त्याहून जाड माइल्ड स्टील असेल तर शंभर टक्के सीओटू घ्या. स्वस्त आहे, जवळपास सगळीकडे मिळतो आणि जोड भक्कम होतो. गेट, सांगाडे, शेतीची अवजारं, ट्रॉलीची दुरुस्ती यांना यापेक्षा वेगळं काही लागत नाही. त्याची किंमत छर्ऱ्यांच्या रूपात मोजावी लागते. नोझल सतत साफ करावं लागतं, बीडच्या कडेचे दाणे छिन्नीने उडवावे लागतात, ग्राइंडर जास्त चालतो. छर्रे चिकटू न देणाऱ्या अँटी-स्पॅटर स्प्रेचा हलका हात आधी मारला तर निम्मा त्रास वाचतो. १६ गेजचा पाइपही सीओटूवर नीट जुळतो, फक्त ०.८ मिलिमीटरची वायर लावा आणि एकाच जागी रेंगाळू नका.

पातळ काम जास्त असेल, म्हणजे १८-२० गेजचा पत्रा, गाडीची बॉडी, घरातलं फर्निचर, तर आर्गॉन-सीओटू मिक्स घ्या. आपल्याकडे ८०-२० सहज मिळतो : ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू. काही ठिकाणी ८२-१८ मिळतो. व्हिडिओतला ७५-२५ शोधत फिरू नका. अमेरिकेत घरगुती वेल्डर तो वापरतात कारण तिथल्या दुकानात तो तयार असतो; घरच्या मशीनवर ७५-२५, ८०-२० आणि ८२-१८ यांतला फरक हाताला जाणवत नाही. मिक्सवर आर्क मऊ लागतो, छर्रे खूप कमी, बीड चपटी आणि देखणी, पत्रा फुटण्याची भीती कमी. शिकणाऱ्या माणसाला मिक्सवर आत्मविश्वास लवकर येतो, हे मी मनापासून सांगतो. परवडत असेल आणि जवळ भरून मिळत असेल तर नव्या माणसाने मिक्सनेच सुरुवात करावी.

मिक्सचा एक धोका लक्षात ठेवा : बीड दिसायला छान येते म्हणून जोड आत भिडलाच असेल असं नाही. जाड पट्टीवर कमी करंटने मिक्स वापरला तर वर चकचकीत आणि आत कोरडं असा जोड होतो. तीन मिलिमीटरच्या वर गेलात की कडा तिरप्या घासून घ्या आणि करंट वाढवा.

आता शुद्ध आर्गॉन. माझ्याकडे टिगसाठी (टंगस्टनच्या टोकावर आर्क पेटवून जोडायच्या दुसऱ्या पद्धतीसाठी) घेतलेला आर्गॉनचा बाटला होता. मिग नवीन आणल्यावर वाटलं, गॅस तो गॅस, हा तर जास्त शुद्ध. त्यावर दीड इंची पाइपचं एक टेबल जोडलं. आर्क इकडेतिकडे भटकत होता, बीड दोरी चिकटवल्यासारखी उंच आणि अरुंद येत होती, कडेला चर पडत होता. मी वायरचा वेग बदलत बसलो. टेबल उलटं करताना एक पाय भिंतीला आपटला आणि जोड स्वच्छ सुटून हातात आला. खालचा धातू जेमतेम वितळला होता. कारण साधं आहे : लोखंडावर आर्क स्थिर राहायला थोडा ऑक्सिजन देणारा गॅस लागतो, आणि शुद्ध आर्गॉन तो देत नाही. माइल्ड स्टीलवर मिगने शुद्ध आर्गॉन वापरू नका, दुकानदार कितीही आग्रह करो.

शुद्ध आर्गॉनची जागा अॅल्युमिनियमवर आहे, घरच्या कामाला तिथे दुसरा पर्याय नाही. सीओटूचा थोडा अंशही बीड काळी करतो. पण अॅल्युमिनियमची मऊ वायर लांब केबलमधून ढकलताना गोळा होते, त्यासाठी टेफ्लॉनचा लायनर (केबलमधली वायर सरकायची नळी), यू आकाराच्या खाचेचे रोलर किंवा स्पूल गन (वायरचं रीळ गनवरच असलेली) लागते. एवढा खटाटोप एखाद्या शिडीसाठी करू नये.

स्टेनलेसला ९८ टक्के आर्गॉन आणि २ टक्के सीओटू असा मिक्स लागतो, वायर ३०८ एल. ८०-२० वर स्टेनलेस चिकटतं, पण जास्त सीओटूमुळे जोडात कार्बन शिरतो आणि तिथे पुढे गंज धरतो. अंगणातला शोभेचा खांब असेल तर कुणी ते चालवून घेईल. स्वयंपाकघरातलं किंवा पाण्याशी सतत संबंध येणारं काम असं करू नये.

९०-१०, ९२-८, आर्गॉन-ऑक्सिजन असे मिक्स यादीत दिसले तर पुढे जा. त्यांचा खरा फायदा स्प्रे ट्रान्सफरमध्ये आहे, जिथे धातू बारीक फवाऱ्यासारखा पडतो. त्यासाठी ०.८ च्या वायरलाही साधारण १५० अँपिअरच्या वर करंट आणि १.२ च्या वायरला दोनशेच्या पुढे करंट सतत लागतो. घरच्या सिंगल फेजच्या सॉकेटवर आपण शॉर्ट सर्किट पद्धतीनेच जोडतो : वायर टेकते, वितळते, तुटते, सेकंदाला कित्येक वेळा. तिथे सीओटू आणि ८०-२० हेच योग्य.

उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी एक पर्याय गॅसशिवायचा आहे. फ्लक्स भरलेली पोकळ वायर मिळते, तिला बाटला लागत नाही. वाऱ्याचा साधारण २ मीटर प्रतिसेकंद एवढा झोतही, म्हणजे नुसती पानं हलवणारी झुळूक, नोझलचा गॅस उडवून नेतो. शेतात, गच्चीवर, कोकण किनाऱ्यावरच्या अंगणात गॅसवर काम करणं म्हणजे गॅस वाऱ्यावर सोडणं. अशा ठिकाणी गॅसलेस वायर लावा. ती लावताना पोलॅरिटी उलट करावी लागते : साध्या वायरला गन प्लसवर असते, गॅसलेस वायरला गन मायनसवर. धूर खूप होतो, मळी काढावी लागते, पण जोड विश्वासाचा होतो.

तिसरी पायरी : बाटला किती मोठा

बहुतेक जण इथे घाईत निर्णय घेतात, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

सीओटू बाटल्यात द्रवरूपात असतो. एक किलो द्रवातून साधारण ५३५ लिटर वायू निघतो. आर्गॉन आणि मिक्स बाटल्यात वायू म्हणूनच दाबून भरलेले असतात, साधारण १५० बारवर. म्हणून एकाच मापाच्या बाटल्यात सीओटू दुपटीहून जास्त काळ पुरतो. कारखान्यात दिसतो तो माणसाच्या छातीएवढा मोठा बाटला ४७ लिटरच्या आसपास असतो. त्यात सीओटू ३० किलो बसतो, म्हणजे १६,००० लिटर. मिनिटाला १२ लिटर धरले तर सुमारे २२ तास आर्क चालतो. त्याच बाटल्यात मिक्स ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर, पावणेदहा तास. घराला सोयीचा असतो तो १० लिटरचा बाटला : सीओटू पावणेसात किलोच्या आसपास, जवळपास पाच तास, मिक्स १,५०० लिटर, दोन तास.

दोन तास ऐकून घाबरू नका, हा फक्त आर्क पेटलेला वेळ आहे. मापं घेणं, कापणं, घासणं, टाके मारणं, काटकोन तपासणं यातच दिवस जातो. सुटीचा पूर्ण दिवस राबलो तरी माझा आर्क वीस-पंचवीस मिनिटांच्या वर जात नाही. म्हणजे १० लिटरचा मिक्सचा बाटला पाच दिवस पुरतो. तरी फरक ठळक आहे : एकदा भरायचा खर्च आणि खेप मिळून प्रति तासाचा हिशेब काढा, मगच सीओटू आणि मिक्सची तुलना करा. नुसती बाटला भरण्याची किंमत विचारून तुलना केली तर फसगत होते.

बाटला स्वतःचा घ्यावा की अनामत ठेवून भाड्याचा? महिन्यातून एखाद्या दिवशी काम करणाऱ्याला रोजाच्या भाड्याचा बाटला परवडत नाही. तो उभा असतानाही भाडं चालू राहतं. मी छोटा स्वतःचा घ्यावा असं म्हणेन, पण एका अटीवर : घेण्याआधी भरणाऱ्याला विचारा की बाहेरचा बाटला भरून देतोस का. काही जण फक्त आपलाच बाटला बदलून देतात.

जुना बाटला घेताना खांद्यावरचे ठोकलेले आकडे वाचा. रिकाम्या बाटल्याचं वजन, पाण्याची क्षमता, चाचणीचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख तिथे असते. दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. ती उलटून गेली असेल तर भरणारा नाही म्हणतो आणि ते बरोबरच आहे. भारतात हा कारभार २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली चालतो आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. खांद्यावरचे आकडे ग्राइंडरने घासलेले दिसले तर तो बाटला फुकटातही घेऊ नका. मोठ्या बाटल्यातून छोट्यात स्वतः गॅस उतरवून घेण्याचा उद्योग कुणी शिकवला तरी करू नका. गॅस भरण्याला परवाना लागतो आणि दाब चुकला तर बाटला फुटतो.

आग विझवण्याचा सीओटूचा बाटला मिगला लावू नये. त्यात तळापर्यंत नळी असते, ती वायूऐवजी द्रव बाहेर काढते आणि रेग्युलेटर गोठून निकामी होतो. रंगावरून गॅस ओळखण्याचीही सवय लावू नका, बाटले पुन्हा पुन्हा रंगवले जातात. नाव वाचून घ्या.

चौथी पायरी : रेग्युलेटर

सीओटू आणि आर्गॉन यांच्या व्हॉल्व्हचे आटे वेगळे असतात, म्हणून एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही. जुळवणीचा तुकडा लावून चालवण्यापेक्षा ज्या गॅसचा त्याचाच रेग्युलेटर घ्या. मिक्ससाठी बहुधा आर्गॉनचाच चालतो. तरी बाटला हातात आल्यावर आटे पाहूनच खरेदी करा.

सीओटू द्रवाचा वायू होताना आणि दाब उतरताना फार गार होतो. सलग काम केलं की रेग्युलेटरवर दवाचे थेंब येतात, मग पांढरं हिव धरतं, आत बर्फ अडकतो आणि गॅस कमी-जास्त होऊ लागतो. जोडात अचानक छिद्रं येतात आणि कारण सापडत नाही. म्हणून सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर असतो. मोठ्या मशीनच्या मागे त्यासाठी ३६ व्होल्टचा सॉकेट असतो. छोट्या घरगुती मशीनला बहुधा नसतो, तिथे घरच्या विजेवर चालणारा हीटर असलेला रेग्युलेटर मागा. ३६ व्होल्टचा हीटर चुकूनही भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. तुकड्यातुकड्याने काम असेल तर हीटरशिवायही निभतं. थंडीच्या दिवसांत सलग लांब बीड मारायच्या असतील तर हीटर हवाच.

सीओटूच्या दाबाचं घड्याळ किती गॅस उरला ते सांगत नाही, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आत द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो : २५ अंशांना ६३-६४ बार, बाटला भरलेला असो की निम्मा. सुई खाली येऊ लागली म्हणजे द्रव संपून नुसता वायू उरलाय, लगेच भरायला न्या. खरा आकडा वजनकाट्यावर मिळतो. बाटला वजन करा, खांद्यावरचं रिकामं वजन वजा करा, उरेल तेवढे किलो गॅस. भरून आणल्यावरही असंच वजन करून घ्या, भरणाऱ्यासमोरच. मिक्स आणि आर्गॉनचं घड्याळ मात्र खरं बोलतं : १५० वरून ७५ वर आलं म्हणजे निम्मा संपला.

पाचवी पायरी : जोडणी आणि प्रवाह

रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करा, तोंडाशी अडकलेली धूळ उडून जाते. तोंड माणसाकडे नको. वायसर जागेवर आहे ना पाहा, पान्याने आवळा, मग साबणाचा फेस लावून प्रत्येक सांधा तपासा. रात्री बाटला बंद करून सुई कुठे आहे ते लक्षात ठेवा. सकाळी ती खाली आली असेल तर गळती आहे. घरी गॅस 'लवकर संपतो' त्याचं सर्वांत मोठं कारण पाइपच्या क्लिपेपाशी होणारी बारीक गळती हेच मी पाहिलं आहे.

प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर. सोपा अंदाज असा : नोझलचं तोंड जेवढे मिलिमीटर रुंद तेवढे लिटर. १२ चं नोझल तर १२ लिटर. छिद्रं आली की नवशिका माणूस गॅस वाढवत जातो, २० करतो, २५ करतो, आणि छिद्रं वाढतात. जोरात निघालेला गॅस भोवरे करतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. गोळी वर तरंगणारा काचेचा मीटर असेल तर तो अगदी उभा हवा, कलला तर आकडा चुकतो. नोझलच्या तोंडाला टेकवून पाहायचा छोटा प्लास्टिकचा फ्लो मीटर स्वस्तात मिळतो. रेग्युलेटर १२ दाखवतो आणि नोझलपाशी ६ येतो हे त्याच्याशिवाय कळत नाही.

गॅस बदलला की मशीनही पुन्हा लावून घ्या. त्याच करंटला सीओटूला मिक्सपेक्षा एक-दोन व्होल्ट जास्त लागतात. ०.८ ची वायर आणि १.६ मिलिमीटरच्या पाइपवर मी मिक्सला १७ व्होल्टच्या आसपास आणि सीओटूला १८-१९ पासून सुरुवात करतो, मग कानाने लावतो. गरम तव्यावर मोहरी सलग तडतडावी तसा एकसारखा आवाज आला की सेटिंग जुळलं. वायर ठोके देत गनला मागे ढकलत असेल तर वायरचा वेग जास्त किंवा व्होल्ट कमी; टोकाला मोठा थेंब लोंबून पडत असेल तर व्होल्ट जास्त.

तरीही छिद्रं आली तर शोध याच क्रमाने घ्या. बाटला उघडा आहे का. पंखा चालू आहे का, दार-खिडकीतून वारा येतोय का. नोझलमध्ये छर्ऱ्यांचं कडं साचलंय का. टिपपासून (वायर जिथून बाहेर येते त्या तांब्याच्या टोकापासून) वायर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आहे का, गन फार आडवी धरली आहे का. पाइपवर तेल, रंग, गंज आहे का; मिग रॉडइतका सोशिक नसतो, जोडाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावंच लागतं. पावसाळ्यात वायरच्या रिळावर गंजाचे ठिपके आलेत का. काम झालं की रीळ काढून पिशवीत बांधून ठेवा. एवढं सगळं नीट असेल तर मगच गॅसवर संशय घ्या.

जपायच्या गोष्टी

आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड आहेत आणि दोघांनाही आपल्याला जाणवेल असा वास नाही. तळघरात, खड्ड्यात, बंद खोलीत ते खाली साचतात आणि माणूस इशारा न मिळता गुदमरतो. त्यात सीओटूच्या आर्कमधून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. दार उघडं ठेवा, वारा जोडावर न येता तुमच्या पाठीमागून धूर बाहेर नेईल अशी बसायची जागा निवडा, रात्री व्हॉल्व्ह बंद करा.

बाटला उभा ठेवा आणि साखळीने भिंतीला किंवा ट्रॉलीला बांधा. १५० बारचा बाटला पडून व्हॉल्व्ह तुटला तर तो बाणासारखा सुटतो. नेताना टोपी लावा. बंद गाडीत, माणसं बसलेली असताना नेऊ नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी सीओटूचा बाटला उन्हात अजिबात ठेवू नये. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही आणि त्यापुढे तापमान चढेल तसा दाब झपाट्याने चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. बाटला सावलीत, वारा खेळेल तिथे हवा.

पाइप पुसायला क्लोरीन असलेला क्लीनर, काही ब्रेक क्लीनर तसे असतात, वापरू नका. आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. जीआय पाइपवरचं जस्त जोडाच्या जागी आधी घासून काढा. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि कोणताही गॅस त्यापासून वाचवत नाही.

शेवटची पायरी : तुकड्यावर परीक्षा

नवा बाटला लावला की पहिला जोड कामावर मारू नका. ज्या पाइपचं काम आहे त्याचेच दोन तुकडे घ्या, टी आकारात उभे करा, एकाच बाजूने तीन इंच बीड मारा. गार झाल्यावर वाइसमध्ये धरून हातोड्याने न जोडलेल्या बाजूकडून ठोका, म्हणजे जोडाचं मूळ उघडं पडेल. बीड दुमडली पण फाटली नाही, किंवा फाटताना शेजारचा पाइप सोबत ओढून घेऊन आली, तर गॅस आणि सेटिंग दोन्ही जमले. बीड अख्खी सुटून आली आणि खाली पाइपचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसला, तर जोड नुसता वर बसला होता. करंट वाढवा आणि पुन्हा एक तुकडा घ्या. तुटलेल्या जागी जाळी दिसली तर वर सांगितलेला शोध सुरू करा. मी अजूनही प्रत्येक नव्या बाटल्याला असे तीन-चार तुकडे तोडतो आणि त्यावर खडूने व्होल्ट, वायरचा वेग आणि प्रवाह लिहून ते फळीवर ठेवतो. पुढच्या वेळी तोच पाइप समोर आला की आकडे तयार असतात.